मेरी रॉय केस: "तिचं तिला दिलंय" हा हिशोब कोर्टात गेला तेव्हा

मल्याळम सिनेमात हुंड्याची गोष्ट म्हटली की माणसं ठरलेली असतात, कर्जात बुडालेला बाप, दागिन्यांनी लादलेली पोरगी आणि व्हरांड्यात पाय पसरून बसलेला सासरा. गोष्टी खोट्या नाहीत, पण त्यात सगळा दोष सासरच्यांच्या माथी मारून आपण मोकळे होतो. केरळातल्या हुंड्याची मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलेली केस आहे ती माहेराची. मेरी रॉय विरुद्ध केरळ राज्य, निकाल २४ फेब्रुवारी १९८६. यात हुंडाबळी नाही, मारहाणीचा खटला नाही, सासरच्या छळाचं कलम ४९८अ पण नाही. फक्त एक घर, एक भाऊ आणि एक बहीण, आणि एक वाक्य जे आपल्याकडे पण प्रत्येक तालुक्यात ऐकू येतं, की तिचं तिला लग्नात दिलंय.

गंमत म्हणजे मेरीला लग्नात काही दिलेलंच नव्हतं. पण ते पुढे.

माणसं आणि घर

मेरी आयझॅक, जन्म १९३३, कोट्टायमजवळच्या आयमनमच्या सिरियन ख्रिश्चन घरातली. वडील पी. व्ही. आयझॅक इंग्रज सरकारच्या नोकरीत कीटकशास्त्रज्ञ, भाऊ जॉर्ज ऱ्होड्स स्कॉलर होऊन ऑक्सफर्डला जाऊन आलेला. म्हणजे अडाणी, मागासलेलं वगैरे घर अजिबात नाही, इंग्रजी बोलणारं, पुस्तकं वाचणारं, गावात वजन असलेलं. हे मुद्दाम सांगतोय कारण "शिक्षण आलं की हे प्रकार बंद होतील" असं म्हणणारे अजून भेटतात.

मेरीने कलकत्त्यात असताना राजीब रॉय नावाच्या बंगाली माणसाशी लग्न केलं. जातीबाहेर, भाषेबाहेर, चर्चबाहेर, त्यामुळे हुंडा देण्याघेण्याचा प्रश्नच आला नाही. नवरा आसामकडे चहाच्या मळ्यावर नोकरीला, दारूचा नाद, संसार काही टिकला नाही आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती दोन लहान मुलं घेऊन निघाली ती थेट उटीला. तिथे वडिलांचं एक छोटं घर रिकामं पडलेलं होतं. वडील तोवर गेलेले, आणि मृत्युपत्र न करता गेलेले. या दोन मुलांपैकी धाकटी म्हणजे अरुंधती रॉय, जी पुढे लेखिका झाली आणि नर्मदेच्या आंदोलनामुळे आपल्याकडच्या लोकांना जास्त माहीत आहे.

उटीच्या त्या घरात ती राहायला लागली आणि काही काळाने आई आणि भाऊ घर खाली करून घ्यायला आले. म्हणणं एवढंच की त्रावणकोरच्या कायद्याने मुलीचा बापाच्या मालमत्तेवर हक्क नाही, तेव्हा निघ.

इथे मेरीने वकील गाठला आणि पहिल्यांदा कायद्यातली मेख तिच्या लक्षात आली. उटी तमिळनाडूत. त्रावणकोरचा कायदा त्रावणकोरात. निलगिरीच्या डोंगरावर तो लागूच होत नाही, त्यामुळे त्या घरातून तिला कोणी त्या कायद्याने बाहेर काढू शकत नाही. म्हणजे एकाच बापाची एकच मुलगी, घाटाच्या एका बाजूला वारस आणि दुसऱ्या बाजूला जवळपास कोणीच नाही! पुढे ती कोट्टायमला परत आली, १९६७ ला शाळा काढली, सुरुवात रोटरी क्लबच्या जागेत, नंतर टेकडीवर लॉरी बेकरने डिझाइन केलेल्या इमारती. शाळेत तिची स्वतःची मुलं पण तिला मिसेस रॉय म्हणायची. बाई सोपी नव्हती, असं तिच्यावर प्रेम करणारे पण सांगतात. आणि १९८३ ला, शाळा पायावर उभी राहिली, कोणाच्या ताटाखालचं मांजर होऊन राहायची गरज उरली नाही, तेव्हा तिने थेट सुप्रीम कोर्टात रिट टाकलं. वकील इंदिरा जयसिंग.

वीस वर्षं थांबली का, असा प्रश्न लोक विचारतात. अहो, भावाविरुद्ध कोर्टात जायला आधी स्वतःचं छप्पर लागतं, फीचे पैसे लागतात, आणि रविवारी चर्चमध्ये शेजारी कोणी बसलं नाही तरी चालेल अशी पाठ लागते. ज्या बाईला हिस्सा हवा असतो तिच्याकडे हे तिन्ही नसतं आणि जिच्याकडे हे तिन्ही असतं तिला बहुतेक वेळा हिस्सा नको असतो. मेरी त्या मधल्या फटीत बसणारी निघाली.

कायदा काय म्हणत होता

त्रावणकोर ख्रिश्चन वारसा कायदा, १९१६. त्रावणकोर हे राजाचं संस्थान, राजा श्रीमूलम तिरुनाळ, आणि त्याच्या आधी १९१२ मध्ये ख्रिश्चनांच्या वारशाबद्दल एक कमिटीचा रिपोर्ट येऊन गेलेला. या कायद्याचं कलम २८ ही सगळ्या भांडणाची मुळी. बाप मृत्युपत्र न करता गेला तर मालमत्ता मुलग्यांमध्ये समान. मुलीला काय? तर स्त्रीधनम. किती? मुलाच्या हिश्श्याच्या एक चतुर्थांश किंवा ५००० रुपये, यातलं जे कमी असेल ते. आणि बापाने हयातीत स्त्रीधनम दिलं असेल, किंवा नुसतं कबूल केलं असेल तरी, भाऊ हयात असताना मुलीला पुढे काहीही मागता येणार नाही.

"कबूल केलं असेल तरी" हे परत वाचा. दिलं नाही, फक्त म्हणाला देतो, तरी हक्क संपला.

विधवेचं वेगळंच. तिला मिळतो तो फक्त हयातीपुरता उपभोग, आणि तिने पुन्हा लग्न केलं की तोही गेला.

शेजारच्या कोचीन संस्थानात १९२१ चा वेगळा कायदा, तिथे मुलगी मुलाच्या एक तृतीयांशाला पात्र, पण स्त्रीधनम मिळालं की विषय बंद, तेच. आणि मलबार, म्हणजे कोझिकोडकडचा भाग, मद्रास प्रांतात असल्यामुळे थेट इंग्रजांचा, तिथल्या ख्रिश्चन मुलीला भारतीय वारसा कायद्याने भावाइतकाच हिस्सा. आता दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास कोट्टायम-पालाकडची कितीतरी सिरियन ख्रिश्चन कुटुंबं जमीन घ्यायला मलबारात, वायनाडला गेली. एका आडनावाची, एका चर्चची माणसं, आणि बहिणीचा हिस्सा ठरणार कशावर तर जमीन नदीच्या अलीकडे की पलीकडे. याहून भारी म्हणजे त्याच त्रावणकोरात, त्याच गल्लीत, नायर घरांमध्ये मरुमक्कथायम होतं, घराणं आईकडून चालायचं, मालमत्तेचा धागा बायकांमधून जायचा. केरळात बायकांना हक्क होतेच की, असं म्हणणारे याच नायर घरांकडे बोट दाखवतात आणि दोन घरं सोडून असलेल्या ख्रिश्चन घराकडे बघत नाहीत.

स्त्रीधनम म्हणजे काय हे मराठी माणसाला एकदा समजून घ्यावं लागतं, कारण आपल्याकडे स्त्रीधन म्हणजे बाईचं स्वतःचं, तिच्या पेटीतलं. तिकडे या नावाखाली जे जातं ते बाईच्या हातात येतच नाही. मनसम्मतम म्हणजे चर्चमधला साखरपुडा, त्याच्या आसपास रक्कम मुलीच्या बापाकडून मुलाच्या बापाकडे जाते. पुरुषाकडून पुरुषाकडे. चर्च पण त्यातून ठरावीक टक्का घेत असे आणि त्याची नोंद होत असे, म्हणजे व्यवहार काही लपून नव्हता. सासरा त्या पैशातून बऱ्याचदा आपल्या पोरीचं स्त्रीधनम भागवतो, आणि तो पैसा पुढच्या घरी. पैसा फिरत राहतो, आणि ज्या मुलीच्या नावाने तो फिरतो तिला त्यातला एक रुपया खर्च करायचा अधिकार नाही, पण कायद्याच्या वहीत मात्र तिच्या नावापुढे "पावले" असं लिहिलेलं.

माझ्या मते या सगळ्या केसचं मर्म या एका नोंदीत आहे. हुंडा हा मुलीचा वारसा आहे, तिला आगाऊ दिलेला, असा बचाव आजही ऐकू येतो, अगदी शिकलेले लोक करतात. वारसा ज्याला मिळतो त्याच्या नावावर होतो ना? इथे एक जण देतो, दुसरा घेतो आणि पावती तिसरीच्या नावाने फाटते.

आकडा घालून बघू म्हणजे कळेल. समजा बाप गेला, आई आधीच गेलेली, मागे ४ लाखांची मालमत्ता, दोन मुलगे, दोन मुली. मुलींना काही दिलेलं नाही. १९१६ च्या कायद्याने मुलाचा हिस्सा साधारण २ लाख, त्याचा चौथा भाग ५० हजार, पण ५००० कमी म्हणून प्रत्येक मुलीला ५०००. मुलगे प्रत्येकी १ लाख ९५ हजार घेऊन घरी. भारतीय वारसा कायद्याने चौघांना प्रत्येकी १ लाख. ५००० ही रक्कम १९१६ ला मोठी होती, नाही असं नाही, पण त्याला महागाईचा कुठलाही भत्ता जोडलेला नव्हता, आणि १९८३ पर्यंत ती तशीच कायद्यात चिकटून बसलेली. रबराच्या भावाने कोट्टायमचे मळेवाले कुठल्या कुठे गेले, मुलीचा आकडा जागचा हलला नाही.

मेलेला कायदा

आता कायद्याचा गुंता, आणि हा भाग जरा नीट वाचा कारण केस जिंकली ती इथे.

स्वातंत्र्यानंतर त्रावणकोर आणि कोचीन एकत्र होऊन एक "ब" वर्गाचं, म्हणजे जुन्या संस्थानांपासून बनलेलं, राज्य झालं. १९५१ ला केंद्राने "ब" वर्ग राज्ये (कायदे) अधिनियम केला आणि बरेच केंद्रीय कायदे या राज्यांना लागू केले, त्यात भारतीय वारसा कायदा १९२५ पण होता. तारीख १ एप्रिल १९५१. आणि त्याच अधिनियमाच्या कलम ६ मध्ये साधं सरळ लिहिलेलं, की जे केंद्रीय कायदे आता लागू होतायत त्यांच्याशी जुळणारा, म्हणजे त्याच विषयावरचा, जो कुठला स्थानिक कायदा असेल तो रद्द.

मग १९१६ चा कायदा १९५१ लाच गेला की! पण १९५७ च्या आसपास त्रावणकोर-कोचीन हायकोर्टाचा निकाल रिपोर्ट झाला, कुरियन ऑगस्टी विरुद्ध देवस्सी आले, त्यात म्हटलं नाही, तो जिवंत आहे. आधार काय तर भारतीय वारसा कायद्याच्या कलम २९(२) मधले शब्द, "सध्या अमलात असलेल्या इतर कुठल्याही कायद्याने वेगळी तरतूद केली नसेल तर" हा कायदा लागू. हायकोर्ट म्हणालं, त्रावणकोरचा कायदा हा तो "इतर कायदा". कन्याकुमारी जिल्हा आधी त्रावणकोरात होता आणि १९५६ ला मद्रास राज्यात गेला, त्यामुळे हाच वाद मद्रास हायकोर्टातही गेला, तिथे १९७४ ला एका न्यायमूर्तींनी सांगितलं कायदा गेला, मग १९७८ ला त्याच कोर्टाच्या मोठ्या बेंचने सांगितलं नाही गेला. असं ते चाललेलं.

मेरी रॉयच्या रिटमध्ये दोन बाजूंनी हल्ला होता. एक, हे कलम घटनेच्या अनुच्छेद १४ आणि १५ विरुद्ध आहे, स्त्री म्हणून भेदभाव. दोन, मुळात हा कायदा १९५१ लाच रद्द झालाय. बेंचवर सरन्यायाधीश पी. एन. भगवती आणि न्या. आर. एस. पाठक. त्यांनी दुसरा मुद्दा घेतला, पटकन निकाल काढला, आणि पहिल्याला हात लावला नाही. म्हणाले, १९२५ चा कायदा लागू करणं आणि जुळणारा स्थानिक कायदा रद्द करणं हेच १९५१ चं काम होतं, कलम २९(२) मधून मागच्या दाराने तो परत आत आणता येत नाही, तेव्हा १ एप्रिल १९५१ नंतर जो त्रावणकोरी ख्रिश्चन मृत्युपत्र न करता गेला त्याच्या मालमत्तेत मुलगी आणि मुलगा समान. घटनेचा मुद्दा बघायची गरज उरत नाही.

म्हणजे पस्तीस वर्षं केरळातली कोर्टं, वकील, तहसील, चर्च, भाऊ, सगळे मिळून एक मेलेला कायदा चालवत होते.

माझं प्रामाणिक मत सांगतो, निकाल वाचून आनंद होतो आणि लगेच चिडचिड पण होते. जिंकली, पण समानतेवर एक ओळ निर्णायक नाही. भारतातल्या स्त्री हक्कांच्या प्रत्येक पुस्तकात ही केस समानतेची म्हणून येते आणि निकालात समानता बाजूला ठेवलेली आहे! का ठेवली असेल याचा माझा अंदाज, अंदाजच आहे: फेब्रुवारी १९८६. घटस्फोटित मुस्लिम बाईला पोटगी देणारा शाहबानोचा निकाल एप्रिल १९८५ चा, त्यावरून देश पेटलेला, आणि याच महिन्यात सरकार संसदेत मुस्लिम महिला विधेयक आणतंय. अशा वेळी आणखी एका अल्पसंख्य समाजाचा वैयक्तिक कायदा घटनेवर घासून बघायचा, की १९५१ च्या एका कलमावर केस शांतपणे निकाली काढायची? भगवती काही घाबरणाऱ्यातले नव्हते असं म्हणतात, पण दुसरा रस्ता समोर मोकळा होता आणि त्यांनी तो घेतला. वैयक्तिक कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर घासायचेच नाहीत हा पायंडा तर आपल्याच मुंबई हायकोर्टाचा, नरसू अप्पा माळी केस, न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीचा. त्रावणकोरचा कायदा विधिमंडळाने केलेला लिखित कायदा होता त्यामुळे नरसूची अडचण तिथे तशी थेट येत नव्हती, पण त्या गुंत्यात शिरायचं नसेल तर न शिरण्याला कारण तयार होतं.

आणि मग बोंब

निकाल आल्यावर कोट्टायम, तिरुवल्ला, पाला या पट्ट्यात जे झालं ते बघण्यासारखं होतं. सगळ्यात मोठी तक्रार अशी की निकाल मागच्या तारखेपासून लागू झाला. १९५१ पासूनच्या सगळ्या वाटण्या संशयात, खरेदीखतं संशयात, बँकांकडे तारण ठेवलेल्या जमिनी संशयात, आता प्रत्येक बहीण कोर्टात जाणार आणि घरंच्या घरं मोडणार. चर्चमधून विरोध झाला, निकाल निष्प्रभ करण्यासाठी कायदा आणायचे प्रयत्न झाले, केरळ सरकारने १९९४ मध्ये जुना कायदा पुनरुज्जीवित करून आधीचे व्यवहार वैध ठरवणारं विधेयक तयार केलं. ते काही कायदा झालं नाही.

मागची तारीख हा आक्षेप मला कधी पटला नाही. कोर्टाने नवा नियम करून तो मागे नेला नाही, कायदा १९५१ ला गेला एवढंच सांगितलं. ज्यांनी पस्तीस वर्षं तो वापरला त्यांची पंचाईत झाली हे खरं, पण त्या पस्तीस वर्षांत बहिणींची झाली तिचं काय, तेव्हा बँकांना काळजी वाटली नव्हती.

आणि तो बहिणींचा लोंढा? आलाच नाही. थोड्या बायका गेल्या कोर्टात, बाकीच्या घरी बसल्या. खटल्यांच्या पुराची भीती घालणाऱ्यांना आपल्या बहिणी तेवढ्याही ओळखीच्या नव्हत्या.

हे मला अजिबात नवलाचं वाटत नाही कारण मी एका जिल्ह्याच्या गावी वकिलाच्या ऑफिसात ज्युनिअर म्हणून काही काळ काढलाय आणि तिथे आठवड्यातून एखादं तरी हक्कसोडपत्र असायचंच. पन्नाशीतली ताई, भाऊ गाडीतून घेऊन आलेला, रजिस्ट्रारकडे फोटो, अंगठा, तेव्हा २०० रुपयांचा स्टॅम्प लागायचा. आमच्या सरांचा नियम होता की मजकूर वाचून दाखवायचाच. मी वाचायला लागलो की ताई मध्येच म्हणायच्या, "राहू द्या ओ दादा, सही कुठं करू ते सांगा." एकीला मी विचारलं की ताई, तुम्ही किती सोडताय माहितीये ना, साडेतीन एकरात तुमचा तिसरा हिस्सा होतो. ती भावाकडे बघून हसली आणि म्हणाली, "माहेराला यायला रस्ता राहू दे, तेवढं बास." संध्याकाळी भाऊ साडी घेऊन देणार होता. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा दिला, केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीच्या अकरा वर्षं आधी, आणि आपण त्याचा अभिमान पण मिरवतो. त्या ताईला तो कायदा मी स्वतः समजावून सांगितला होता.

त्रावणकोरात हक्कसोडाच्या जोडीला दुसरी वाट सापडली आणि ती जास्त पक्की निघाली. मृत्युपत्र. भारतीय वारसा कायदा समान वाटणी देतो ती मृत्युपत्र नसेल तेव्हाच. मृत्युपत्र केलं की ख्रिश्चन बाप सगळंच्या सगळं एका मुलाला देऊ शकतो, कायदा अडवत नाही. निकालानंतर मृत्युपत्रं करा असा प्रचार झाला, आणि बाप मंडळी जी आधी मरणाचा विषय निघाला की उठून जायची ती दोन साक्षीदार शोधायला लागली. मुलीला स्त्रीधनम देऊन झालंय, उरलेलं मुलाचं. आधी जे कायद्याचं कलम म्हणत होतं ते आता घरोघरी टाइप करून घेतलं.

इथे गोव्याची आठवण काढलीच पाहिजे, आणि गोव्यातले वाचक हे माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. पोर्तुगीज सिव्हिल कोडापासून चालत आलेल्या नियमामुळे तिथे बापाला आपल्या मर्जीने फक्त अर्धी मालमत्ता देता येते, उरलेली अर्धी सक्तीच्या वारसांची, त्यात मुलगा मुलगी सगळी सारखी, हिंदू असो की ख्रिश्चन. बाप कितीही रुसला तरी मुलीला शून्यावर आणू शकत नाही. तिथेही मुलींकडून सह्या घेतल्या जातात, नाही असं नाही, पण निदान तिला समोर बसवून सही मागावी लागते. मृत्युपत्राला तिची सही लागत नाही. ते कपाटात असतं आणि बाप गेल्यावर कळतं. कोट्टायमला गोव्यासारखी अर्ध्याची अट असती तर १९८६ चा निकाल कितीतरी जास्त घरांत पोचला असता असं मला वाटतं, आणि भारतीय वारसा कायद्यात अशी अट का नाही यावर कोणी रिट टाकलेलं मला तरी आठवत नाही.

हुंड्याचं काय झालं

निकालाच्या बाजूने बोलणाऱ्यांची एक आशा होती. मुलीला वारसा मिळाला की हुंड्याचं कारणच संपेल, बाप म्हणेल हिस्सा मिळणारच आहे, आता वेगळं कशाला. कागदावर एकदम बरोबर. पण बापाच्या जागी बसून बघा. हिस्सा मिळणार बाप गेल्यावर, हुंडा मागतात आज. मुलाच्या बापाला तीस वर्षांनी मिळणाऱ्या रबराच्या झाडांत रस नाही, त्याला मनसम्मतमच्या आधी रक्कम पाहिजे. त्यामुळे हुंडा चालूच राहिला, रक्कम आणि सोनं वाढत गेलं, गल्फचा पैसा आल्यावर तर विचारू नका. केरळात सोनं पवनमध्ये मोजतात, एक पवन म्हणजे ८ ग्रॅम, आणि "किती पवन" हा प्रश्न हुंडाबंदी कायदा १९६१ पासून असूनही लग्नघरात उघड विचारला जातो, ख्रिश्चन, हिंदू, मुस्लिम, कुठेही. २०२१ मध्ये हुंड्यापायी मृत्यूची प्रकरणं लागोपाठ गाजली तेव्हा राज्यपाल आरिफ मोहम्मद खान यांनी हुंड्याविरोधात एक दिवसाचा उपास केला. देशात सगळ्यात साक्षर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राज्यात राज्यपालाला यासाठी उपाशी बसावं लागलं.

मग केसने मिळवलं काय, असं विचारलं तर मी दोन गोष्टी सांगेन, आणि त्या सारख्या वजनाच्या नाहीत. मोठी अशी की मुलीने स्त्रीधनम घेतलं म्हणून तिचा हक्क संपला, हे कायद्याचं म्हणणं उरलं नाही. आता ज्याला तिला वगळायचंय त्याला स्वतःच्या सहीने, नाव घेऊन वगळावं लागतं. आधी तो "मी कुठे काय केलं, कायदाच असा आहे" म्हणून मान वळवू शकत होता. दुसरी छोटी, पण मला आवडणारी, की ज्या बापांनी आळसाने मृत्युपत्र केलं नाही त्यांच्या मुलींना खरंच हिस्सा मिळाला. आळस हाही बायकांच्या बाजूने उभा राहू शकतो हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

मेरी रॉयचं स्वतःचं काय? सुप्रीम कोर्टाने कायदा सांगितला, वाटणी करून दिली नाही. त्यासाठी तिला परत खालच्या कोर्टात दावा लावावा लागला, तिथून हायकोर्ट, मग हुकूमनामा, मग अंमलबजावणीचा अर्ज, आपल्याकडच्या दिवाणी दाव्याला जे जे लागतं ते सगळं. निकाल लागला तेव्हा ती ५२ वर्षांची होती, प्रत्यक्ष ताबा हातात येईपर्यंत पंच्याहत्तरी उलटली. तोवर शाळा केरळभर नावाजलेली होती, तिला त्या जमिनीची पैशासाठी काडीची गरज नव्हती. १ सप्टेंबर २०२२ ला ती गेली.

आणि ज्या कायद्याच्या आधाराने ती जिंकली त्या १९२५ च्या कायद्यात कलम ४२ आहे. मूल नसलेला ख्रिश्चन माणूस मृत्युपत्राविना गेला तर बायकोचा हिस्सा सोडून उरलेलं त्याच्या वडिलांना जातं. वडील हयात असतील तर आईला काही नाही. विधी आयोगाने २०१४ ला या कलमांवर रिपोर्ट देऊन बदल सुचवला होता.